मराठी युद्धवाङ्मयातील उपेक्षित निरोप्या

कोणत्याही समाजाच्या वाङ्मयात नायकपद कोणास मिळाले हे आपण कौतुकाने पाहतो. ते कोणास मिळाले नाही याची चौकशी करण्याची सवय मात्र आपणास फारशी नाही. मराठी वाङ्मयाच्या वीररसप्रधान भागाकडे, म्हणजे बखरी, पोवाडे, ऐतिहासिक कादंबऱ्या, नाटके आणि अलीकडची सेनाधिकाऱ्यांची चरित्रे यांकडे, या दृष्टीने पाहू गेल्यास एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहत नाही. या वाङ्मयात तलवार गाजविणारा आहे, किल्ला लढविणारा आहे, वेषांतर करून शत्रूच्या गोटात शिरणारा हेरही आहे. परंतु सेनापतीचा शब्द दहा कोसांवरील तुकडीपर्यंत जसाच्या तसा, वेळेवर आणि नेमक्या माणसाच्याच हाती पोचविणारा जो मनुष्य, ज्याच्यावाचून आजवर एकही मोठी लढाई लढली गेली नाही, तो या वाङ्मयात जवळजवळ नाहीच. तो येतो, थैली देतो आणि पुढच्याच वाक्यात नाहीसा होतो.

ही उणीव केवळ पंडितांनी चघळावयाची असती तर तीविषयी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. तिचा संबंध आज आपल्या घराघरांशी येऊन पोचला आहे. विद्युत्‌शास्त्र अथवा संगणकशास्त्र शिकलेली रत्नागिरीकडील मुले, आणि आता मुलीही, भूसेनेच्या सिग्नल कोअरमध्ये अधिकारी होण्याची मनीषा बोलून दाखवू लागली आहेत. अशा वेळी आईबाप विचारतात, "म्हणजे तू तिथे करणार तरी काय?" या साध्या प्रश्नास उत्तर द्यावयास आपल्या भाषेत तयार शब्द नाहीत. मग कोणी म्हणतो, "ते वायरलेसचे खाते", कोणी समाधान मानतो, "लढावे लागत नाही ना, मग हरकत नाही." ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि या चुकीचे मूळ, आमच्या मते, आपल्या वाङ्मयीन संस्कारांत आहे. ते कसे, हे दाखविण्याचा या लेखात प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम आपल्या सर्वांच्या परिचयाची कथा घेऊ. १६६० च्या जुलै महिन्यात शिवाजीमहाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निघून विशाळगडाकडे गेले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड रोखून धरली. परंपरेने चालत आलेल्या या कथेचा सारा ताण कशावर उभा आहे? महाराज गडावर सुखरूप पोचताच तोफा व्हावयाच्या, आणि त्या कानी पडेपर्यंत खिंड सोडावयाची नाही, या ठरावावर. म्हणजे आधी ठरविलेली खूण, ती ऐकू जाईल असे साधन, आणि ती मिळाल्यावाचून जागा न सोडण्याचा करार, असा ज्यास आज लष्करी संदेशव्यवस्था म्हणतात तिचा संपूर्ण आराखडा या एका कथेत आहे. तरीही तीन शतकांहून अधिक काळ आपण या कथेतून बाजीप्रभूंच्या हातांतील पट्टेच तेवढे उचलले. गडावर तोफेला बत्ती कोणी दिली? त्यास ती केव्हा द्यावयाची हे कोणी सांगितले? घाईने अर्धी घटका आधी बत्ती दिली असती तर खिंड मोकळी झाली असती आणि महाराज वाटेतच सापडले असते. उशीर झाला असता तर उरलेली माणसेही हकनाक गेली असती. एवढी जबाबदारी ज्या हातावर होती त्याचे नाव एकाही कवीस विचारावेसे वाटले नाही. बाजीप्रभूंचा मोठेपणा यामुळे रतीभरही उणा होत नाही. पण ज्या आवाजासाठी त्यांनी प्राण रोखून धरला त्या आवाजाच्या कर्त्याविषयी इतकी उदासीनता का, हा प्रश्न टीकाकाराने विचारलाच पाहिजे.

दुसरे उदाहरण पानिपताचे. १७६० च्या ऑक्टोबरअखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठी सैन्य व दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. त्याने रसद तोडली, हे आपण शाळेत शिकतो. डाकही तोडली, हे त्यामानाने कोणी आवर्जून सांगत नाही. पेशवे दक्षिणेतून उत्तरेकडे येत होते, पण पुढे नेमके काय चालले आहे याची खरी व ताजी वार्ता त्यांस मिळणे कठीण होऊन बसले. १४ जानेवारी १७६१ रोजी जे व्हावयाचे ते झाले, आणि त्याची पहिली पक्की खबर नानासाहेबांस भिलशाच्या सुमारास मिळाली ती, ग्रँट डफने नमूद केल्याप्रमाणे, सावकारांच्या कासिदाकडून! दौलतीची डाक मागे राहिली आणि पेढीचा निरोप पुढे पोचला, या एका गोष्टीत त्या पराभवाचे एक कारण दडलेले आहे.

त्या कासिदाजवळचे पत्र मराठी माणसाच्या कायमचे स्मरणात राहिले आहे. मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा यांच्या भाषेत लिहिलेले ते वाक्य आपण शोकाचे वाक्य म्हणून आळवीत आलो. त्यातील रूपकाची वाखाणणी पुष्कळ झाली. परंतु ते मुळात रूपक नसून संकेतलिपी आहे, हे आपण विसरलो. वाटेत ते कोणाच्या हाती पडले तरी व्यापाऱ्याच्या देण्याघेण्यापलीकडे त्यातून सहसा काही उमगू नये, आणि ज्यास उमगावयाचे त्यास मात्र दर्जावार हानीची कल्पना चार शब्दांत यावी, अशी त्याची योजना आहे. गुप्तता, संक्षेप व अचूकपणा हे लष्करी संदेशाचे तिन्ही गुण त्यात एकवटले आहेत. लिहिणारास काव्य करावयाचे नव्हते; त्यास वार्ता पोचवावयाची होती. आणि नेमके म्हणूनच ते वाक्य अडीचशे वर्षे टिकले. पण त्याचा कर्ता कोण, कासीद कोण, तो कोणत्या वाटेने आला, याविषयीचे आपले कुतूहल त्या शोकात बुडून गेले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी 'पानिपत : १७६१' या ग्रंथात या मोहिमेचा व्यापक विचार केला, विश्वास पाटलांच्या 'पानिपत' या १९८८ सालच्या कादंबरीने ती मोहीम नव्या पिढीच्या घरात नेली. दोघांचेही ऋण मोठे आहे. तथापि कादंबरी वाचून मिटणाऱ्या वाचकाच्या मनात जी माणसे उभी राहतात, ती सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, इब्राहिमखान, दत्ताजी अशीच. अडलेल्या डाकेचा मनुष्य त्यांच्या पंक्तीस बसलेला दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, निरोप्या हा हुकमाचा ताबेदार. त्यास स्वतःचे कर्तृत्व कोठले? ज्यास कर्तृत्व नाही तो नायक कसा होणार? हा आक्षेप दिसावयास बळकट आहे, पण आपल्या पूर्वजांस तो मान्य झाला नसता. वाल्मीकींनी हनुमंतास लंकेस पाठविले तेव्हा त्याजजवळ रामाची मुद्रिका दिली. निरोप खरा कशावरून, हा प्रश्न सीतेच्या मनात येणार हे त्या महाकवीने ओळखले होते. संदेशाची ओळख पटविल्यावाचून संदेश हा संदेशच नव्हे, हे तत्त्व त्या अंगठीत आहे. आणि त्या कांडाचा नायक कोण, हे सांगावयास नकोच. कौटिल्याने तर दूतांचे तीन वर्गच करून ठेविले आहेत. ज्यास प्रसंग पाहून स्वतः निर्णय करण्याचा पूर्ण अधिकार आहे तो निसृष्टार्थ. ज्याचा अधिकार ठरीव कामापुरता आहे तो परिमितार्थ. आणि ज्याने केवळ लिहिलेला लेख पोचवावयाचा तो शासनहर. पहिल्याच्या अंगी अमात्याचे सगळे गुण असावेत. दुसऱ्यास एक चतुर्थांश आणि तिसऱ्यास निम्मे उणे असले तरी चालतील, असा त्याचा हिशेब आहे. हा हिशेब ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

सिग्नल कोअर ही भारतीय सेनेतील शाखा १५ फेब्रुवारी १९११ या दिवसापासून आपले वय मोजते. तत्पूर्वी हे काम सॅपर्स अँड मायनर्स या सुरुंग-पूल बांधणाऱ्या पलटणींकडे असे. पहिल्या सिग्नल कंपन्या उत्तरेत फत्तेगड येथे आणि त्याच वर्षी आपल्या अहमदनगर येथे उभ्या राहिल्या. तिचे ब्रीद 'तीव्र चौकस' असे दोनच शब्दांचे आहे, आणि तिच्या बिल्ल्यावर रोमन पुराणांतील देवदूत मर्क्युरी याची आकृती अद्याप उभी आहे. अंगठी घेऊन समुद्र उल्लंघणारा दूत ज्या देशाने कल्पिला त्या देशाच्या निरोप्यांच्या टोपीवर परक्या देवाने राहावे, यास इंग्रजी वारसा हे कारण आहेच. पण आपणही त्या जागी आपला दूत ठेवण्याइतके या कामाविषयी कधी बोललो नाही, हेही तितकेच खरे.

या शाखेतील अधिकाऱ्याचे काम म्हणजे तारा जोडणे नव्हे. तारा जोडणारे, यंत्रावर बसणारे, संकेत लिहिणारे व उलगडणारे कुशल जवान त्याच्या हाताखाली असतात. त्याचे स्वतःचे काम निर्णयाचे. सह्याद्रीचा घाट चढताना हातातील दूरध्वनी मुका होतो, हा अनुभव आपणा सर्वांस आहे. ज्या लहरी सरळ रेषेत जातात त्यांस मध्ये डोंगर आला की वाट खुंटते. युद्धात अशा वेळी कोणत्या शिखरावर मधले ठाणे बसवावयाचे, तेथे माणसे व बॅटऱ्या कशा चढवावयाच्या, ते ठाणे पडले तर दुसरी वाट कोणती, हे त्याने आधी ठरवून ठेवावे लागते. एकाच वेळी पन्नास निरोप आले तर कोणता आधी जाईल याचा क्रम त्याने राखावयाचा. यंत्र बोलू लागले की शत्रूस ते कोठून बोलते याचा माग लागतो, म्हणून केव्हा सर्वांनी मुके राहावयाचे, हेही तो पाहतो. ठाणे शत्रूच्या हाती जाण्याचा प्रसंग आलाच तर संकेतपुस्तके नष्ट होतील याचा जिम्मा त्याचा. आता तर उपग्रह, संगणकांची जाळी, शत्रूचे प्रक्षेपण ऐकणे आणि ते निकामी करणे, हा सारा पसारा याच शाखेच्या कक्षेत येतो. हे सर्व बिनधोक जागी बसून होत नाही. आघाडीच्या तुकडीबरोबर तिचा आवाजही पुढे जावा लागतो, आणि शत्रूस तो आवाज आधी बंद करावयाचा असतो.

आता कौटिल्याकडे वळावे. सिग्नल अधिकारी आपल्या कामाने शासनहर आहे. दुसऱ्याचा शब्द पोचविणे हाच त्याचा धर्म, त्यात स्वतःचे अक्षर मिसळण्याची त्यास मुभा नाही. परंतु तो शब्द कोणत्या वाटेने, कोणत्या क्रमाने, कोणत्या क्षणी जावा हे ठरविताना त्यास निसृष्टार्थाचे, म्हणजे अमात्याचे, सगळे गुण लागतात. गुण पहिल्या दर्जाचे, आणि ते वापरावयाचे तिसऱ्या दर्जाच्या दूताच्या निष्ठेने: या पदाची खरी अडचण आणि खरी थोरवी येथे आहे. आपल्या वीरवाङ्मयाने पराक्रम म्हणजे स्वतःस पुढे करणे, अशी समजूत रुजविली. येथे स्वतःस मागे ठेवण्यात पराक्रम आहे. या गुणास मराठीत अद्याप नाव मिळालेले नाही; आणि ज्यास नाव नाही ते मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवता येत नाही.

रत्नागिरीचा विषय निघाला आणि केशवसुतांचे नाव घेतले नाही असे कसे होईल? १८६६ साली येथून जवळच मालगुंड येथे जन्मलेल्या या कवीने १८९३ मध्ये 'तुतारी' लिहिली आणि मराठी कवितेस नवे युग दाखविले. तुतारी हे मुळात लष्करी इशाऱ्याचे वाद्य. कवीने ते समाजास जागे करण्यासाठी उचलले, यात त्याची प्रतिभा आहे. त्याजकडे फिर्याद नेण्याचे काहीच कारण नाही. आमचा आक्षेप आहे तो मागून आलेल्यांवर. त्यांनी त्या एका कवितेच्या तेजात तुतारीस सदासर्वदा प्रतीकच करून टाकले. मराठीत तुतारी शब्द उच्चारला की क्रांती, जागृती, नवविचार असे सर्व काही डोळ्यांपुढे येते. पहाटेच्या थंडीत ओठ फुटलेले असताना ती फुंकणारा शिपाई मात्र येत नाही. प्रतीकाने वस्तूस गिळले म्हणजे वाङ्मयाचा एक डोळा मिटतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

असे का घडले? आमच्या मते याचे कारण रसशास्त्रात शोधण्यापेक्षा आपल्या समाजाच्या इतिहासात शोधावे. जुना रत्नागिरी जिल्हा, ज्यात १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही होता, तो एकोणिसाव्या शतकात मुंबई लष्करास शिपाई पुरविणारा एक प्रमुख प्रांत होता. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे रामजी सकपाळ हे सुभेदार होऊन महू येथील लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. याच महू येथे आज सिग्नल अधिकाऱ्यांस शिक्षण देणारे दूरसंचार अभियांत्रिकीचे लष्करी महाविद्यालय आहे, हा योगायोग रत्नागिरीकरांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. परंतु त्या काळी भारतीयास सुभेदारीपलीकडे जाता येत नसे. सुभेदाराने उभी हयात घातली तरी नुकत्याच आलेल्या गोऱ्या पोरास त्याने सलाम करावयाचा, अशी रीत होती. पुढे तर महारांची भरतीच बंद झाली. तिजविरुद्ध, निवृत्तीनंतर दापोलीस राहिलेल्या गोपाळ बाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये मुंबई लष्कराच्या सेनापतीसाठी अर्ज तयार केला. १११ वी महार पलटण १९१७ साली उभी राहिली, युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली गेली, आणि महार रेजिमेंटची उभारणी बेळगावास झाली ती १९४१ मध्ये. भारतीय तरुणांस सँडहर्स्टचे दार १९१८ पासून थोडेसे किलकिले झाले. डेहराडूनची अकादमी १९३२ साली निघाली.

याचा वाङ्मयीन अर्थ असा की, ज्यांनी लष्कराची नोकरी केली त्यांस लेखणीचा अवसर मिळाला नाही, आणि ज्यांच्या हाती लेखणी होती त्या आमच्या पांढरपेशा वर्गाने लष्कर पाहिले ते बहुधा बखरीतून. लष्कराचा अनुभव नसलेल्याने युद्ध लिहिले म्हणजे जे दुरून दिसते तेच तो लिहितो: झेंडा, घोडा, तलवार. जवळ गेल्यावाचून न दिसणारी गोष्ट म्हणजे व्यवस्था; आणि निरोप्या हा व्यवस्थेचा प्राण. वलंगकरांचा अर्ज, सुभेदारांची घरी आलेली पत्रे, निवृत्तिवेतनाचे कागद, हेच कोकणचे अस्सल लष्करी गद्य. त्यास आपण वाङ्मय मानले नाही.

स्वातंत्र्यानंतर परिस्थिती पालटली. मराठी अधिकारी सर्व दर्जांवर चढले; नागपूरचे मनोज पांडे हे २०२२ मध्ये भूसेनाप्रमुख झाले, तेव्हा त्या पदावर येणारे ते अभियंता शाखेचे पहिलेच अधिकारी ठरले. मात्र लिखाणाची दिशा पुरती बदलली असे म्हणवत नाही. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे आत्मचरित्र १९८६ साली प्रसिद्ध झाले ते इंग्रजीत, 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' या नावाने. पहाटेचे बिगूल ते संध्याकाळचे बिगूल, असे दोन लष्करी इशारेच त्यांनी आपल्या आयुष्याच्या दोन टोकांस ठेवले. ईशान्य सरहद्दीच्या संरक्षणाविषयी १९५९ मध्ये त्यांनी लिहून पाठविलेल्या इशाऱ्याची जी कथा त्यात आहे, ती पोचलेल्या पण मनावर न घेतलेल्या निरोपाची कथा आहे. १९६२ ने तिला जे उत्तर दिले ते सर्वांस ठाऊक आहे. सेनापतीच्या आयुष्यातील मोठ्यात मोठे दुःख एका टिपणाच्या नशिबाशी जोडलेले असावे, याहून निरोपाच्या नाट्याचा दुसरा पुरावा तो कोणता हवा?

आणि आज मराठीत या विषयावर सर्वांत अधिक खपते काय? 'सैन्यात अधिकारी कसे व्हाल' या धर्तीची मार्गदर्शके. आम्ही अशी पुष्कळ पुस्तके चाळली आहेत. त्यांत वयाच्या अटी, उंची-वजन, अर्जाचे नमुने असतात, आणि तो मजकूर उपयोगी असतो, हे नाकारता येत नाही. बारावीनंतर खडकवासल्याची प्रबोधिनी, पदवीनंतर डेहराडून वा चेन्नई, अभियंत्यांस वेगळी वाट, हे ज्ञान गावातील मुलास कोणीतरी द्यावयासच हवे. पण निवड मंडळापुढील पाच दिवसांच्या परीक्षेविषयी ही पुस्तके जो उपदेश करतात, तो पाहून वाङ्मयाच्या अध्यापकाने चिंतित व्हावे. त्या परीक्षेत उमेदवारास चित्रे दाखवून त्यांवर कथा लिहावयास सांगतात. प्रत्येक कथेस चार मिनिटे. अशी अकरा चित्रे झाल्यावर बारावे पान कोरे येते. त्या कोऱ्या पानावर उमेदवाराने स्वतःच्या मनातील चित्र पाहावे आणि त्याची कथा लिहावी. परीक्षकांनी यात मोठी शहाणी योजना केली आहे. मनुष्याच्या मनात कोणता नायक वावरतो हे ते पान सांगून टाकते.

आमची मार्गदर्शके या कोऱ्या पानासाठी पाठ करण्याजोग्या तयार कथा छापतात! त्या कथांत नायक नेहमी एकटा धावतो, पूर आलेल्या नदीत उडी घालतो, दरोडेखोरांस पकडतो आणि शेवटी पदक घेतो. एकाही नायकास दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेऊन तिसऱ्यास नीट सांगावे लागलेले आम्ही पाहिले नाही. हा दोष केवळ बाजारू लेखकांचा नव्हे. त्यांनी आमच्या वीरकथांचाच अर्क काढून बाटलीत भरला आहे. कोऱ्या पानावर मुलास तलवारच दिसत असेल तर ती त्याच्या डोळ्यांत आपण घातली आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. वाङ्मयास संघर्ष हवा; यंत्राजवळ बसून निरोपाची वाट पाहणाऱ्याच्या आयुष्यात वाचकास खिळवून ठेवील असे काय आहे? उत्तर आपल्याच भाषेत आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही १९३९ सालची कादंबरी नावाने युद्धाची आहे, पण तिची कथा घडते युरोपातून निघालेल्या बोटीवर, आणि तिचा घाव बसतो तो हर्टाच्या पत्रांतून. पत्र लिहिणारे हृदय आणि वाचणारे हृदय यांच्यामध्ये जे अंतर व जो काळ असतो, तेथेच ते युद्ध चालते. मराठी वाचकाने ही कादंबरी शिरोधार्य मानली. म्हणजे निरोपाचे नाट्य त्यास कळत नाही असे नाही. आणि कोकणी वाचकास ते सर्वांत अधिक कळावयास हवे. पिढ्यान्‌पिढ्या येथील घरे मुंबईच्या मनिऑर्डरीवर जगली. दारात तारवाला दिसताच, पाकीट फोडण्याआधीच, बायका रडू लागत. १४ जुलै २०१३ रोजी ती तारसेवा कायमची बंद झाली, पण न आलेल्या निरोपाची रात्र कशी असते हे सांगावयास येथे अद्याप पुष्कळ माणसे आहेत. ज्यांनी वाट पाहिली त्यांस निरोप पोचविणाऱ्याची किंमत शिकवावी लागू नये.

शेवटी अलीकडच्या एका प्रसंगाचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ७ मे २०२५ रोजी सकाळी कर्नल सोफिया कुरेशी यांनी सेनेच्या कारवाईची माहिती देशापुढे ठेवली. वडोदऱ्याच्या या अधिकारी सिग्नल कोअरच्या; २०१६ च्या मार्चमध्ये पुणे येथे अठरा राष्ट्रांचा जो लष्करी सराव झाला, त्यात भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांनी केले होते. भूसेनेत स्त्रियांस वैद्यकीय सेवेबाहेर अधिकारपद १९९२ पासून मिळू लागले; कायम नियुक्तीचा त्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये मान्य केला; खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. त्या सकाळीनंतर आमच्या वाचनात जे मराठी लेख आले, त्यांत कर्नल कुरेशींचे स्त्रीत्व, त्यांचा धर्म, त्यांचे घराणे यांविषयी उदंड लिहिलेले होते. त्या कोणत्या शाखेच्या, आणि त्या शाखेच्या अधिकाऱ्याने तोलून मापून, एकही शब्द कमी वा अधिक न करता बोलावे यात त्या शाखेचा कोणता संस्कार दिसतो, याविषयी एखादे वाक्य असले तर असले. देशाने त्या दिवशी एका निरोप्यास काम करताना प्रत्यक्ष पाहिले, तरी त्याविषयी लिहावयास आमच्या लेखकांना शब्द सापडले नाहीत.

ती उणीव भरून काढणे अवघड नाही. निवृत्त सिग्नल अधिकारी व जवान आपल्या गावागावांतून आहेत. त्यांनी मराठीत, साध्या भाषेत, लिहावे: बर्फात बॅटरी कशी जगविली, कोणता निरोप उशिरा पोचला आणि त्याने काय झाले, मौन पाळण्याचा हुकूम असताना ओळखीचा आवाज मदतीस हाक मारू लागला तेव्हा काय केले. ज्यांस लिहिणे जमत नाही त्यांजपाशी बसून महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी ते उतरून घ्यावे. गुप्ततेच्या मर्यादेत राहूनही सांगण्याजोगे पुष्कळ उरते. मासिकांनी अशा लेखांस जागा द्यावी, आणि टीकाकारांनी त्यांकडे 'आठवणी' म्हणून नाक न मुरडता वाङ्मय म्हणून पाहावे. कादंबरीकारांस तर हे रान मोकळे पडले आहे.

तोवर आईबापांच्या त्या प्रश्नास आमच्यापुरते उत्तर असे: तुमचा मुलगा अथवा मुलगी तेथे दुसऱ्याचा शब्द सांभाळील. त्या शब्दावर शेकडो माणसांचे प्राण असतील, तो शब्द तिचा नसेल, आणि तो पोचला तर तिचे नाव कोणी घेणार नाही. एवढे समजून जी ती वाट धरील, तिला लढावे लागणार नाही असे कृपा करून म्हणू नये.